चपला आणि कॅमेरा दाराबाहेर

अच्युतकाकांचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहायला बसलं की काहीतरी महत्त्वाचं राहून जाईल अशी धास्ती वाटते, म्हणून ज्यांनी हात दिला त्यांचं नाव तरी पहिल्या ओळीत पडलेलं बरं. अच्युतकाका, राहणार दिंद्रुड, जिल्हा बीड. मधली पुष्कळ वर्षं राहणार इंग्लंड. आज मी ह्या परक्या मुलखात दोन वेळ जेवून, चार माणसांत मान वर करून राहतो आहे, तो त्यांच्यामुळे.

ते माहितीपट काढायचे. वाघ-हत्तींचे नाहीत, इंग्रज माणसांचे. इथलं बाळंतपणाचं इस्पितळ, छोट्या गावातलं कोर्ट, बंद पडायला आलेलं पोस्ट ऑफिस, अशा जागी ते महिनोन्‌महिने जाऊन बसायचे. ती माणसं कशी बोलतात, कशी रुसतात, सही करायच्या आधी पेन कसं झटकतात, ते टिपायचे. थोड्या दिवसांनी त्या माणसांना कॅमेऱ्याचा विसरच पडायचा. तो कसा पडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की अच्युतकाका पायातले बूट दाराबाहेर काढायचे. इकडे तशी रीत नाही, लोक बुटांसकट गालिच्यावर फिरतात. काका मात्र बूट काढायचे, त्यांच्याशेजारी कॅमेऱ्याची पिशवी ठेवायचे आणि रिकाम्या हातांनी आत जायचे. चहा घ्यायचे, कुणाची गुडघेदुखी ऐकायचे, उठून यायचे. पुढच्या वेळी तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. मग एखाद्या दिवशी पाऊस लागायचा, इकडे तो लागतोच, आणि घरातली बाई म्हणायची, अहो, तुमची पिशवी भिजतेय, आत घ्या. त्या दिवसापासून कॅमेरा आत.

"आपण होऊन न्यायचा न्हाई," ते मला सांगायचे. "घरच्यानं म्हणलं पायजे. तवर आपण नुसते पाव्हणे."

मी विचारलं, कुणी म्हटलंच नाही तर?

"मग चहा तर पिलो की."

त्यांची माझी गाठ पडली ती एका हॉटेलच्या मागच्या दारात. आमचं गाव धारूरच्या घाटात. माय आणि आबा ऊस तोडायला जायचे. एका दुष्काळात त्यांच्यामागे मीही गेलो, तो शाळेत परतलो नाही. पुढे पुण्यात हॉटेलांतून भांडी घासत घासत तंदूरवर आलो, आणि एका मालकानं मला उत्तर इंग्लंडातल्या एका थंडगार गावात आपल्या दुसऱ्या हॉटेलात नेलं. भाषा येत नव्हती. कुणी मोठ्यानं बोललं तरी मी तंदूरमागे सरकायचो. एकदा मागच्या दारात उभा राहून मी फोनवर मायला सांगत होतो की काल बाजारात गेलतो, मेथीची जुडी दिसली, पण ती मेथी नव्हतीच. बाजूला एक टक्कल पडलेला, जाड भिंगांचा माणूस थांबला. माझं बोलणं संपेपर्यंत शांतपणे उभा राहिला आणि म्हणाला, "कुठला बे तू? घाटावरला का गंगथडीचा?"

आमच्या बीडचा माणूसच असं विचारतो: वर घाटावरचा, की खाली गोदावरीकाठच्या गंगथडीचा. 'बे' ऐकून कुणाला रडू आल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला आलं.

पुढे ते हॉटेल बंद पडलं. मालक फोन उचलेना, आणि काम गेलं की इथं राहण्याचा परवानाही जातो हे मला तेव्हा कळलं. काकांनी मला घरी नेलं. त्यांच्या एका खोलीत फिल्म जोडायची यंत्रं होती, त्यांच्यामध्ये गादी घातली. कागदपत्रांसाठी माझ्याबरोबर कचेरीच्या बाकावर बसले. तिथल्या बाईनं मला काही विचारलं की ते लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी मला मराठीत सांगायचे, मी काय म्हणतो ते ऐकायचे, आणि तेच इंग्रजीत सांगायचे, माझं उत्तर बावळट असलं तरी. बाहेर आल्यावर मी म्हणालो, काका, तुम्हीच नीट बोलला असता तर लवकर आटपलं असतं. ते म्हणाले, "परवाना तुझा हाय. तोंड माझं कावून लावू?"

त्या दिवसांत ते एका वृद्धाश्रमाचं चित्रण करत होते. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांनी पूर्वी सहकारी सोसायटी काढून तो बांधला होता. आता खाणी बंद, सभासद म्हातारे होऊन त्याच आश्रमात राहायला आलेले, आणि तो एखाद्या कंपनीला विकावा का, ह्यावर त्यांच्या सभा चालायच्या. काकांना त्या सभांचं फार कौतुक. म्हणायचे, "आपल्या सोसायटीची सभा आन्‌ ही, फरक एकच. हितं बिस्किटं मिळत्यात." त्याच आश्रमाच्या स्वयंपाकघरात त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. परवाना हातात आल्यावर मी भांड्यांवर लागलो, आणि हळूहळू म्हाताऱ्यांचं खाणंपिणं, उठणं-बसणं, अंघोळी माझ्याकडे आल्या.

त्यांत आर्थर नावाचे एक आजोबा होते. जन्मभर खाणीत आणि वीसेक वर्षं सोसायटीच्या कमिटीवर. दोन्ही हात असे थरथरायचे की चमचा तोंडापर्यंत पोचताना रिकामा व्हायचा. दुसरं कुणी भरवायला गेलं की तोंड मिटून घ्यायचे. माझ्याकडून का खायचे, ते मला आधी कळलं नव्हतं. काकांनी टिपलेलं पाहिलं तेव्हा कळलं. भरवताना मी स्वतःच 'आ' करत होतो, माय लहान पोराला भरवताना करते तसा, आणि मराठीत पुटपुटत होतो, घे रे बाबा, एवढा घास घे. मी 'आ' केला की तेही करायचे.

काकांनी अंघोळही टिपली होती. गरम पाण्यानं काठोकाठ भरलेल्या टबात आर्थर बसलेले, मी पाठ चोळतोय आणि त्यांना सांगतोय की आजोबा, आमच्याकडे टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, तुमच्या एका अंघोळीत आमची अख्खी आळी न्हाऊन निघेल. आर्थरना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ते मान हलवत होते, होय होय, अगदी बरोबर.

अच्युतकाकांचा दुसरा नियम असा की फिल्म जोडून झाली की ती पहिल्यांदा पाहायची ती तिच्यातल्या माणसांनी. पैसे देणाऱ्या टीव्हीवाल्यांचा नंबर नंतर. ज्याला स्वतःचं जे नको असेल ते निघणार, कारण विचारायचं नाही. आर्थरच्या खोलीत जाऊन त्यांनी छोट्या पडद्यावर त्यांचा भाग दाखवला. आर्थर खूश झाले. माझ्याकडे बोट करून म्हणाले की हे ठेवा, ह्या गड्यामुळे मी जगलोय असं माझ्या मुलीला कळू द्या.

मग काका माझ्याकडे वळले. "तू सांग. ठेवू का काढू?"

त्या वेळी माझ्या बहिणीचं, मुक्ताचं, लग्न ठरत होतं. पाहुणे पाटोद्याचे. जमीनजुमला असलेले, निवडणुकीत ज्यांच्या दारी लोक येतात असे. आमच्यासारख्या ऊसतोड्याच्या घरात ते आले ते मामामुळे. मामानं त्यांना सांगून टाकलं होतं की भाचा इंग्लंडात मोठ्या संस्थेत साहेबाच्या जागेवर आहे. माझ्या कानावर आलं तोवर तो बोलून मोकळा झाला होता. आता हा भाग कुणाच्या मोबाइलवर गेला, कुणी पाहिला की मुक्ताचा भाऊ परक्या म्हाताऱ्याचं अंग धुतो, तर ते मुक्ताला पदरात घेणार नाहीत, आणि आबांना गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना.

"काढा," मी म्हणालो.

"बरं."

मीच चुळबुळत म्हणालो की आर्थर तर हो म्हणालेत.

"चौकटीत दोघं असले की न्हाई म्हणणाऱ्याचं चालतं," ते म्हणाले, आणि यंत्राकडे वळले.

टीव्हीच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी त्याच खोलीत होतो. फिल्मचा जीवच त्या भागात आहे, त्याशिवाय आम्ही ती दाखवणार नाही, असं त्या म्हणत असाव्यात. काका म्हणाले की तो भाग माझा नाही, मी कुठून देऊ. फोन ठेवून त्यांनी पिठलं केलं आणि ते चिकट गिचका झालं म्हणून स्वतःलाच शिव्या देत बसले. मला एका शब्दानं, एका नजरेनंही काही जाणवू दिलं नाही. मीच अर्धं ताट टाकून भांडी घासायला उठलो.

त्या हिवाळ्यात आर्थर गेले.

उन्हाळ्यात मुक्ताची शेवटची बोलणी ठरली आणि मी रजा घेऊन गावी निघालो. काकाही दिंद्रुडला येणार होते, म्हणून बरोबर आले. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. घाटातली झाडं खराट्यासारखी. आमच्या दारात पोचलो, तर काकांनी चपला काढल्या आणि पिशवी चपलांशेजारी ठेवली. माय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, ती आधी पिशवीकडे पाहून म्हणाली, "ही उन्हात कावून ठिवली? आत घ्या की, तापंल."

काका माझ्याकडे बघून हसले. पिशवी त्यांनी आत घेतली, पण उघडली नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. सोसायटीचे चेअरमन चार लोक घेऊन आले आणि म्हणाले की आमचा दुष्काळ काढा, सरकारपर्यंत जाऊ द्या. कोरडी विहीर, फुटलेली जमीन, सगळं दाखवतो, म्हाताऱ्या बायांना हंडे घेऊन उभं करतो. काकांनी हात जोडले. म्हणाले, दुष्काळ काढायला लई लोक येऊन गेले, मी इंग्रज काढतो.

चेअरमनला लागलं. "म्हंजे आमी बघण्याजोगते न्हाईत का?"

"तसं न्हाई, चेअरमन. तुमाला समदे बघून गेले. तुमाला बघायला कुणी बसवलंय का कधी? उद्या बसा. मी इंग्रज दाखवतो."

त्यांनी तो आश्रमाचा माहितीपट गावाला दाखवायचं ठरवलं. मला म्हणाले, तुझा भाग नाही त्यात, निवांत राहा. तरी मी निवांत नव्हतोच. कारण दुसऱ्याच दिवशी पाटोद्याचे पाहुणे येणार होते, आणि गावानं त्यांनाही आग्रहानं सोसायटीच्या गोदामात नेलं. दुपारची वेळ. पेरणीच नाही तर खताच्या गोण्या कुठून असणार, म्हणून गोदाम रिकामं, नुसता खताचा वास. खिडक्यांना पोती लावून अंधार केलेला, भिंतीवर पांढरं धोतर ताणलेलं. पुढे पोरं, मग बाया, मागे खुर्च्यांवर पाहुणे. त्यांच्यात नवऱ्या मुलाचे आजोबा, तात्या, फेटा बांधून, दोन्ही हात काठीच्या मुठीवर दाबून बसलेले.

काका पडद्याशेजारी उभे राहून गोऱ्यांचं बोलणं आमच्या बोलीत सांगू लागले. सोसायटीची सभा आली. अध्यक्षबाई झोपलेल्या, एक आजोबा हिशेबावर अडून बसलेले, दुसऱ्या आजीबाई म्हणतायत की मागच्या सभेतला ठराव वाचा. मागून कुणीतरी म्हणालं, "हे तर आपले चेअरमनच की, निस्ते गोरे." चेअरमनसुद्धा हसले. तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. बाया उठल्या, पोरं उठली, अर्धं गोदाम मोकळं. काकांनी फिल्म थांबवली. "आधी पाणी घिऊन या. हे म्हातारे कुटं जात न्हाईत." आणि खरंच, सगळे हंडे भरून, भिजल्या पदरांनी परत येऊन बसेपर्यंत ती अध्यक्षबाई धोतरावर तशीच झोपून राहिली.

मग आर्थर आले. जेवणाचं टेबल, समोर भरलेली ताटली, हात चमच्याकडे निघालेला आणि थरथरत वाटेतच राहिलेला. इथं माझा भाग होता, तो काढलेला. पुढच्या क्षणी ताटली रिकामी आणि आर्थर रुमालानं तोंड पुसतायत. पडद्यावर खिडकीबाहेरचा पाऊस सुरू झाला.

बायांमधून मायचा आवाज आला. "थांबा वो भाऊ. त्याचा हात तर घासापतुर जाईना. मंग ताट रिकामं कसं झालं?"

काकांनी फिल्म थांबवली.

"ह्या म्हाताऱ्याला जेवू कोण घालतं?" माय म्हणाली. ती टोचून विचारत नव्हती. तिला खरंच त्या म्हाताऱ्याची काळजी लागली होती.

काका माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. पडद्यावरच्या पावसाकडे बघत म्हणाले, "ते सांगणं माझ्याकडं न्हाई, वैनी."  दोन शब्दांचं एखादं खोटं त्यांना सहज सांगता आलं असतं. नर्स घालते, मुलगी घालते, काहीही. गोदामात सगळे वाट पाहू लागले. मागे मामा खाकरला.

 मी उभा राहिलो. म्हणालो, "मी घालतो, माय. अंघोळबी मीच घालत होतो. तेच माझं काम हाय तिथं."

 आबांनी मान खाली घातली. मामा उठून बाहेर गेला. मुक्ता दाराशी उभी होती, तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मग मागच्या खुर्चीवरून तात्यांचा आवाज आला. "तोंड मिटून घेतलं तर कसं करता?"

मी सांगितलं की आधी आपण 'आ' करायचा.

"आन्‌ लाज वाटती त्याला, दुसऱ्याच्या हातानं खायाची, त्याचं?"

मी म्हणालो की त्यांच्या हातात दुसरा एक रिकामा चमचा द्यायचा, म्हणजे तेही जेवतायत असं होतं.

 तात्यांनी काठीच्या मुठीवरचा एक हात उचलला, तेव्हा मला दिसलं की तो थरथरत होता. मघापासून तो त्यांनी काठीवर दाबून धरला होता. काकांकडे तो हात करून म्हणाले, "चालू करा म्होरं."

बोलणी त्या दिवशी झाली नाहीत. पाहुणे चहा न घेता गेले.  मामानं मला सगळ्यांदेखत ऐकवलं की तुझ्या एका वाक्यानं पोरीचं वाटोळं झालं. मग काही दिवसांनी पाटोद्याहून निरोप आला की तारीख धरा, आणि भाऊ लग्नाला थांबणार असेल तर लग्नाआधी दोन दिवस तात्यांकडे येऊन जावं. मी गेलो. तात्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं, आणि पहिला घास माझ्या हातून घेतला. रिकामा चमचा त्यांनी घट्ट धरला होता.

इंग्लंडला परतताना मी काकांना म्हणालो की तो भाग परत घाला. ते म्हणाले, "आर्थर हो म्हणून गेलाय. आता तूबी म्हणलास. घालू." टीव्हीवर ती फिल्म त्या भागासकट लागली. आश्रम मात्र विकला गेला. सभासदांनीच विकायच्या बाजूनं हात वर केले. मी आता दुसऱ्या आश्रमात तेच काम करतो.

काका परत आले ते फिल्म जोडून द्यायलाच. मग सामान विकलं आणि कायमचे दिंद्रुडला गेले, पुतण्याकडे. नजर अधू झाली होती, कॅमेऱ्यातून कडा पुसट दिसायला लागल्या होत्या. विमानतळावर मी विचारलं की तुमची फिल्म कुणी काढली का कधी. म्हणाले, "माझ्या दाराबाहेर कोण पिशवी ठिवून बसलंय?" एवढं बोलून आत गेले.

पुतण्याचा अधूनमधून फोन येतो. काकांना आता फारसं दिसत नाही, जेवताना ताट चाचपडतात, पण कुणी भरवू लागलं की रागावतात, असं तो सांगतो. मला रजा मिळायला वेळ आहे, इथले म्हातारे टाकून निघता येत नाही. पण काका, कुणी तुम्हाला हे वाचून दाखवत असेल तर ऐका. मी येणार आहे. चपला दाराबाहेर काढीन आणि आत येऊन नुसता बसेन. पहिल्या दिवशी फक्त चहा. दुसऱ्या दिवशीही चहाच. तुम्ही म्हणेपर्यंत ताटाला हात लावणार नाही. आणि ज्या दिवशी म्हणाल, त्या दिवशी तुमच्या हातात रिकामा चमचा देऊन समोर बसेन, आणि आधी मी 'आ' करीन.